पिहू, आज मी शेगडी अंगणात नेली

लाडक्या पिहू,

आज तुझ्या आजीशी कडाडून भांडले. ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. तू असतीस तर पडल्यापडल्या डोळे मिचकावत हसली असतीस!

तुझ्या मावशीच्या बाळाला, ओमला, तुझाच आजार निघाला. आम्ही सख्ख्या बहिणी एकाच घरात जावा झालो, तेव्हा शिरपूरपर्यंत कौतुक झालं होतं. आमचं रक्त एक, दोघींच्या नवऱ्यांचं रक्तही एकच, आणि हा आजार रक्तातूनच उतरतो, हे कुणाच्या ध्यानात आलं?

सकाळी ओमचे पाय गार, जांभळे, तळवे ओलेचिंब. आजीनं त्याला गोधडीत गुंडाळलं, शेगडी पेटवली. म्हणाल्या, "पोराले थंडी भरून राह्यली. काहून उभी राह्यली तू? फडकं आन!"

तुलाही असंच शेकायचे ना गं, भर वैशाखात? तू "आई, गरम" म्हणायचीस आणि सगळं घर तुझे पाय चाचपून तुलाच खोटं पाडायचं. घामानं उशी भिजायची, छाती धडधडायची, तरी म्हणे नजर लागली!

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी फार उशिरा समजावलं. या आजारात हातपायच लुळे पडतात असं नाही. घाम, छातीचे ठोके, पायापर्यंत जाणारं रक्त, ही आपण न सांगता चालणारी कामंही काही लेकरांत बिघडतात. पाय गार असले म्हणजे अंगात थंडीच असते असं नाही.

मी शेगडी उचलली, अंगणात नेली आणि तांब्याभर पाणी ओतलं.

"लय डॉक्टरीन झाली का व तू?" सासूबाई कडाडल्या.

"आत्याबाई, पायाले नाई, त्याच्या छातीले हात लावून पाहा."

त्यांनी हात लावला. "अवं माय! हे तं तापून राह्यलं!" गोधडी त्यांनीच भिरकावली. मग हळूच म्हणाल्या, "मंग आपली पिहू..."

मी खूप रडले.

तू गेलीस तेव्हा आळीतल्या बाया म्हणाल्या, "सुटली बिचारी." कशातून सुटली? तुला जगायचं होतं! काकाला बोटाच्या इशाऱ्यावर नाचवणारी पोर बिचारी असते होय?

उद्या ओमला मालेगावच्या गाडीनं अकोल्याला त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेतोय. त्याचं काय होईल, मला माहीत नाही. पण तुला शब्द देते. तो जिवंत असताना आळीतली कुणी त्याच्यासाठी रडायला आमच्या दारात आली, तर मी ओमला तिच्या मांडीवर देईन आणि म्हणेन, रडू नको बाई, खेळव त्याला!

तुझी,
भांडखोर आई