किट्टूच्या दुधाचं पातेलं

एग्मोर, मद्रास
शनिवार, १७ ऑगस्ट १९६३

तीर्थस्वरूप राजसअक्काच्या पायांशी सेतुमाधवचा नमस्कार.

इकडे आम्ही बरे आहोत. भवानीचा गुडघा दुखतो, पण जिने चढायचं ती काही सोडत नाही. चारुलता चौदाची झाली. घरात तिच्याशी मराठीत बोललं की उत्तर तमिळमध्ये येतं. तू पाठवलेल्या तांदळाच्या पापड्यांतले, वडामांतले, निम्मे वाटेत मोडले. मोडलेले मीच तळायला लावून खाल्ले, चांगले भवानीनं पाहुण्यांसाठी ठेवलेत. पाहुणे हल्ली फारसे येत नाहीत.

तुझं कार्ड येऊन तीन आठवडे झाले. त्याचं उत्तर मी लगेच पाठवलं, त्यात उकाड्याचं लिहिलं, आंब्यांचं लिहिलं. तू एकच गोष्ट विचारली होतीस आणि तेवढी सोडून मी सगळं लिहिलं. आज टाळणार नाही. पण तिथपर्यंत यायला मला जरा वेळ लागेल, तेवढा दे.

आयांनीच आपली मुलं मारली असं मी म्हणालो, हे तू पेपरात वाचलंस. तसं मी म्हणालो नाही. बारा वर्षं मी लहान मुलांची पोटंच तपासतोय. दीड-दोन वर्षांचं पोर येतं, पोट फुगलेलं, हातपाय वाळलेले, डोळे पिवळे, सारखं किरकिरणारं. पोटावर हात ठेवला की यकृत दगडासारखं लागतं. त्यांतली बहुतेक वाचत नाहीत. मग मी त्यांच्या घरी जाऊन चुली पाहायला लागलो. घरामागून घर तेच दिसलं: गाईचं दूध पितळेच्या भांड्यात तापवलेलं, त्यातच दिवसभर ठेवलेलं, आणि आतली कल्हई केव्हाच उडालेली. म्हणून लिहिलं, की कल्हई नसलेल्या पितळेत बाळाचं दूध ठेवू नका. हे अजून सिद्ध व्हायचं आहे, असंही लिहिलं होतं. ते कोणी छापलं नाही.

जॉर्ज टाउनमधल्या भांडीवाल्यांनी सरकारकडे अर्ज केला. एका साप्ताहिकानं माझं चित्र काढलं, मी घागरीच्या पोटाला नळी लावून तिला खोल श्वास घ्यायला सांगतोय. भवानी आधी हसली, मग आत जाऊन रडली. बरोबरीचे डॉक्टर मला स्वयंपाकघराचा डॉक्टर म्हणतात. त्याचं मला काही वाटत नाही.

वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. वॉर्डात त्रिपुरसुंदरी नावाची एक मुलगी तिच्या पोराला घेऊन होती. वीस-बावीसची असेल. भांड्याचं सांगितलं तर म्हणाली, ते माझ्या आईनं दिलेलं आहे, त्यातलं दूध पिऊन मी वाढले. परवा गुरुवारी तिचं पोर गेलं. जाताना तिनं मला थांबवून विचारलं, "डॉक्टर, म्हणजे मीच दिलं का त्याला?"

मी नाही म्हणालो, तिला माहीत नव्हतं म्हणून सांगितलं. तिला ते पटलं नाही. ज्या तऱ्हेनं ती मान खाली घालून गेली, ती तऱ्हा मी ओळखतो अक्का. वीस वर्षं तुझी पाहतोय.

आमचे वरिष्ठ डॉ. वेंकटरमण भला माणूस आहे. भांडीवाल्यांच्या अर्जावर समिती बसली, मंगळवारी तिच्यापुढे त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. आया आठवून सांगतात त्यावर तुमचं सगळं उभं आहे, असं एकतरी घर आहे का, जिथलं दूध, भांडं, कल्हई, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तुम्ही स्वतः पाहिलंय? मी नाही म्हणालो.

ते खोटं होतं. असं एक घर आहे. ते तुझं.

समितीनं कागद तयार करून दिलाय. माझे निष्कर्ष घाईचे होते, मी ते मागे घेतो, अशा दोन ओळी. सोमवारी सही दिली तर वॉर्ड माझ्याकडे राहतो. नाही दिली तर बदली, लांबच्या गावी, जिथे मुलांसाठी वेगळी एक खाटही नाही. भवानी म्हणते, सही करा, झोप तरी लागेल. मी इतका दमलोय अक्का, की काल पेनचं टोपण काढून बसलो होतो. सही केली असती तर तुझ्या कार्डालाही परस्पर उत्तर मिळालं असतं. भांड्याचा काही संबंध नाही म्हणून.

तू विचारलंस, आपल्या किट्टूचंही तसंच झालं असेल का.

हो. मला तसंच वाटतं. पण तू अर्धंच विचारलंस, उरलेलं तुला आठवत नसेल असं मी इतकी वर्षं धरून चाललो. त्रेचाळीसचा उन्हाळा. किट्टू चार महिन्यांचा, तुझं दूध पुरत नव्हतं म्हणून वरचं सुरू केलेलं. लढाईमुळे मलायाचं कथील बंद, कल्हईवाला फिरकत नव्हता. पातेलं आतून पिवळं दिसायला लागलं तशी तू म्हणालीस, कथील मिळेपर्यंत मातीच्या मडक्यात दूध तापवते. मी सुटीला आलो होतो, मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाचा, जंतूंवरची चार व्याख्यानं ऐकलेला. मी हसलो. "मडक्यात जंतू राहतात अक्का. कल्हई नुसती दिसायला असते. चिंचेनं घासलंस की झालं." असं म्हणालो. तू मडकं उचलून ठेवलंस. डॉक्टर होणाऱ्या भावानं सांगितलं होतं ना. त्यानंतर वर्षभर तू ते पातेलं चिंच लावून सोन्यासारखं घासलंस, आणि दर सुटीत येऊन मी ते पाहिलं.

किट्टू गेला तेव्हा तुझ्या सासूबाई म्हणाल्या, हिच्या दुधातच दोष, हिचा हातच वाईट. मी तिथेच उभा होतो. तेव्हा मला कारण माहीत नव्हतं, हे खरं. पण गेली पाच वर्षं मला संशय आहे, आणि पाच वर्षं मी तुला वडाम पोचल्याची पत्रं लिहितोय. चारुलताच्या बारशाला तू उंबऱ्याबाहेर उभी राहिलीस, तिला मांडीवर घेतलं नाहीस. त्या दिवसापासून ते मला टोचतंय.

सही करणार नाही. सोमवारी समितीपुढे जाऊन ते घर सांगणार आहे, भांडं कोणाचं आणि सल्ला कोणाचा तेही. तुझं नाव येणार नाही, माझं येईल. ते पातेलं अजून असेल तर कल्हई न करता, न घासता पाठव.

माझी एकच विनंती. सासूबाईंना आता दिसत नाही, पण ऐकू येतं. हे पत्र भावोजींना समोर बसवून त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस. तुझ्या दुधात दोष नव्हता, हातातही नव्हता. तुझं बरोबर होतं, मी तुला अडवलं.

मडक्याला हसलेला, तुझा धाकटा भाऊ
सेतू