प्रार्थनेत गाळलेलं नाव

२ मार्च, रविवार
आज उपासनेत ह्यांनी बायबलातला होशेय संदेष्ट्याचा पाठ वाचला. हे मंडळीचे पंच; पंचांचा आवाज — खिडकीच्या काचा थरथरतात! देव लोकांवर कोपला, संदेष्ट्याला म्हणाला, पोटच्या लेकीचं नाव ठेव लो-रुहामा, म्हणजे दया न पावलेली. एवढं वाचलं नि शास्त्र मिटलं. पुढं देवाला पाझर फुटतो, तो त्यातला ‘लो’ काढून टाकतो. उरते रुहामा — दया पावलेली. ते वाचलंच नाही!

बाहेर शेजारची लंकाबाई चपला शोधता शोधता म्हणाली, “पंच, निम्माच पाठ? बाकीचा उंदरानं कुरतडला व्हय?”

हे तरातरा घराकडं चालू लागले. मला कळलं — आमची लेक, मोनिका.

४ मार्च
संध्याकाळच्या प्रार्थनेत हे रोज एकेकाचं नाव घेतात. आमचा हर्षल, सून निकिता, पाळकसाहेब, आजारी भीमा, गाभण म्हैससुद्धा! लेकीचं नाही. ठरलेलं लग्न मोडून ती तुषारबरोबर अकोल्याला गेली, तेव्हापासून नाही. एकदाच विचारलं होतं. म्हणाले, “मेलेल्यांसाठी प्रार्थना नसते.”

‘आमेन’च्या आधी मी तिचं नाव मनात घेते. ओठसुद्धा हलू देत नाही. भित्री मी!

५ मार्च
साबण महागला. रोजच्या हिशेबात बसेना, राखेनं भांडी घासली.

७ मार्च
दुपारी मोनिकाचा फोन. आठव्यातच बाळंत झाली. मुलगी. काल जन्मली, आज गेली.

“आई, नावबी ठेवलं न्हाई गं. तुषारच्या घरचं कुणी फिरकलं न्हाई. तो भिंतीकडं तोंड करून बसलाय. पप्पा तिला आजीशेजारी ठेवू देतील का?”

मी ‘बघते’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आमच्या दफनभूमीत जागा द्यायची तर पंचांची परवानगी लागते. म्हणजे ह्यांचीच.

रात्री वाढताना सांगितलं. ह्यांनी ताट सारलं. “बाप्तिस्मा झाला होता का? नाही ना? मग?”

कुठून बळ आलं देव जाणे. मोठ्यानं म्हटलं, “रविवारी शास्त्र जिथं मिटलंत ना, तिथून पुढं वाचा!” हातातला डाव खाली पडला.

हे उठून अंगणात गेले. प्रार्थना झाली नाही. लग्न होऊन आल्यापासून या घरात असं कधी झालं नव्हतं. आजचा हिशेब लिहिला नाही.

८ मार्च, सकाळी
हे नाहीत. हर्षलही नाही. कोपऱ्यातली कुदळ नाही. शास्त्र मात्र पाटावर उघडं, होशेयच्याच पानावर.

लंकाबाई धापा टाकत आली. “अगं, पंच एकलेच खड्डा खणत्यात, सासूच्या कबरीजवळ! भीमाचा पोरगा मदतीला गेल्ता, त्याला हातबी लावू दिला न्हाई. हर्षलला गाडी घेऊन अकोल्याला धाडलाय म्हणं!”

मी तशीच, पदराला पीठ, पळत सुटले.

९ मार्च
काल दुपारी बिननावाच्या बाळाला आजीशेजारी ठेवलं. संध्याकाळी प्रार्थना झाली. मोनिका माझ्या मांडीला टेकून, तुषार उंबऱ्यापाशी. ह्यांच्या नखांत अजून माती.

आधी मोनिकाचं नाव घेतलं. मग तुषारचं. मग शास्त्रावर हात ठेवला.

मग — “आणि आमची रुहामा.”

बाकीची नावं राहिलीच. आमेनसुद्धा.