झाडाला शिवलेला घागरा

सानगडी, ११ डिसेंबर १९८३

प्रिय एस्तेर,

(खरं तर आता तुला सौ. विहीणबाई असं लिहायला हवं, पण जिच्या वेणीला मी कॉन्व्हेंटच्या चॅपेलमध्ये गाठ मारली होती तिला विहीणबाई म्हणताना माझा हात थांबतो.) तुझे गुडघे कसे आहेत? थंडीत सकाळी तिळाचं तेल चोळत जा. तुझा सॅम्युएल आणि आमची तुळसा सुखात असतील, अशी आशा करते. आमच्याकडे धानाची मळणी चालू आहे आणि घरभर तूस उडतो आहे. यांची तब्येत ठीक आहे. फक्त मे महिन्यात पोरांनी कोर्टात लग्न केल्यापासून हे तुळसाचं नाव घेत नाहीत. सॅम्युएलचा उल्लेख अगदीच टळत नसेल तर 'तो नागपूरचा' असा होतो.

आता घाबरू नकोस, पण मी एक उद्योग करून बसले आहे. तू दिवाळीत लिहिलं होतंस की पोरं पहिला नाताळ आमच्याकडे करायला तयार आहेत, फक्त तुळसाच्या बाबांनी 'या' म्हणायला हवं. ते 'या' मला काही यांच्या तोंडून काढता येईना. मग मी ठरवलं की निदान घर तरी 'या' म्हणेल असं करावं. वनखात्याच्या भय्याजींकडून नाताळच्या झाडासाठी कुंडीतलं सुरूचं रोप मिळवलं. पण झाड नुसतं कुंडीत उभं, हे काही बरं दिसेना. तुला सिस्टर अग्नाताचा तो लाल गोल घागरा आठवतो ना? तिच्या देशाहून आणलेला, आत कापूस भरून टीप घातलेला, झाडाच्या बुंध्याभोवती पसरायचा. आपण दोघी त्याच्या काठावर हनुवटी टेकून पालथ्या पडायचो आणि त्याला घरातल्या पेटीचा वास यायचा. मला तसाच हवा होता. वरून माझं लाल लुगडं, आत भर म्हणून यांची जुनी धोतरं. (न विचारता घेतली. विचारलं असतं तर कशाला, ते सांगावं लागलं असतं.)

सिस्टरनी शिकवल्याप्रमाणे कापडाची चौघडी घातली, कोपरा धरून कमान कापली आणि मोठ्या ऐटीत उलगडली, तर हातात एक गोल नाही, चार वेगवेगळ्या पाकळ्या! मी भलताच कोपरा धरला होता. शिवणात मला बक्षीस मिळालं होतं, हे कोणाला सांगू नकोस. शेवटी पाकळ्या जोडायला गोधड्या शिवणाऱ्या शकुनबाईला बोलवावं लागलं, आणि तिथेच सगळं माझ्या हातातून सुटलं.

इकडची रीत तुला ठाऊक नसेल. बाळाची पहिली गोधडी आजीच्या लुगड्याची आणि आजोबांच्या धोतराची करतात. शकुनबाईने लुगडं पाहिलं, धोतरं पाहिली, मापाला लहान आहे हे पाहिलं आणि सुई खाली ठेवून माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "काहून लपवून राहिल्या वो बाई? पोरीले दिवस गेले ना?" मी नाही नाही म्हणते आहे, तर ती म्हणते, सांगू नका, तीन महिने सांगतच नसते. बुंध्यासाठी ठेवलेलं मधलं भोक तिने अशुभ म्हणून शिवून टाकलं. मी ते उसवायला लावलं, तेव्हा शेजारची चंद्रभागाबाई म्हणाली, "राहू दे वो शकुन, शिकल्यासवरल्या आहेत त्या. लेकराचं ओलं खाली जाऊन जाईल, म्हून ठेवलं असंल!" संध्याकाळपर्यंत माझ्या ओसरीवर चिंचा, आवळे आणि मऊ लुगड्यांचा ढीग. झाडासाठी आहे म्हणाले, तर सगळ्या हसून लोळल्या. झाडाले घागरा!

बातमी खळ्यावर गेली. आमच्या सुखराम गड्याने सगळ्या मजुरांसमोर यांना विचारलं, "मालक, आजा होऊन राहिले, पेढे कुठं आहेत?" हे त्या दिवशी लवकर घरी आले. पाय धुतले, माझ्याकडे पाहिलं, माझ्या मांडीवरच्या घागऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाळण्याले लाकूड सागवानाचं बरं का बीजाचं?" आणि दुसऱ्या दिवशी सुतार अंगणात!

आता सांग एस्तेर, मी काय करू? खरं सांगावं तर तो पाळणा थांबेल आणि हे पुन्हा गप्प होतील. न सांगावं तर रंध्याच्या रोजच्या आवाजाबरोबर माझं खोटं वाढत जातं. तरी मला आशा वाटते. काल हे सुताराला म्हणत होते, कडा नीट घास, आमच्या तुळसीले लहानपणी लाकडाचं कूस लागलं होतं. आमच्या तुळसीले! सात महिन्यांनी.

तुझी जुनी मैत्रीण,
कौशल्या

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. पोरांना नाताळच्या आदल्या दिवशीच्या बसमध्ये बसवून दे. यांनी बोलावलं आहे, असं सांग. मी खरं काय ते यांना सांगीन, पण पोर दारात उभी राहिल्यावर. दारातल्या लेकीला काही हे परत पाठवणार नाहीत.

ता. क. २. हे साकोलीला निघाले आहेत, त्यांच्याच हाती पत्र टाकायला देते. काळजी नको, हे दुसऱ्याची पत्रं उघडत नाहीत.

एस्तेरबाईले तुळसीच्या बाबाचा, तेजरामचा नमस्कार. पाकीट उघडलं, माफी असावी. माझी धोतरं गेली तवाच मले शंका आली होती. अन लेकराच्या गोधडीले भोक कोण ठेवते? पण सुखरामनं चारचौघात आजा म्हटलं, अन मले नाही म्हनवलं नाही. तुळसीचं नाव माझ्यापुढं काढाची कोणाची हिंमतच होत नव्हती. पाळणा होऊ द्या, सागवान आहे, दहा वर्षं थांबला तरी सडत नाही. पोरीले अन जावईबापूले बसनं नको, मी सोता गाडी घेऊन नागपूरले येतो. तुम्हीबी चला. जावईबापूले तलावातले मासे चालते का, तेवढं लिहा. पत्र माझ्या नावानं टाका. मी वाचलं हे हिले सांगू नका, तिचा घागरा अजून पुरा व्हाचा आहे.