हिच्यासाठी वायरलेस पुस्तक

३ मार्च
मुलीने हिच्यासाठी ई-रीडर पाठवला. अंथरुणात पडल्या पडल्या हिला जाड पुस्तक पेलत नाही. लायब्ररीची पुस्तकं यात घरबसल्या वायरलेस येतात म्हणे. मुलगी म्हणाली, बाबा, फोनवर समजावते. म्हटलं, अख्खा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेला, वायरलेस तू मला शिकवणार? उद्या चहाच्या आत पुस्तक हिच्या हातात.

४ मार्च
चहा दोनदा झाला. यंत्रात दोष आहे.

७ मार्च
दोष लायब्ररीत आहे. पिन मागतात. लायब्ररीच्या बाई म्हणाल्या, काका, पिन तुम्हीच ठरवला होता. मी असलं काही विसरत नाही. तरी नवीन घेतला, केवळ त्यांचं मन राखायला.

९ मार्च
जमलं! पण हिला हवी ती कादंबरी दुसऱ्या कुणाकडे आहे. हवेतून येणारं पुस्तक एका वेळी एकालाच! नंबर लावला.
डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, मुलीला बोलावून घ्या. डॉक्टरांना घाबरवायची सवयच असते. मुलीला सुट्टी मिळत नाही, उगाच कशाला?

१८ मार्च, दुपारी
आलं! अक्षरं मोठी केली, हिला उशीला टेकवून बसवलं. वाचणारा माणूस लवकर बरा होतो, हा माझा अनुभव.

२२ मार्च
विचारलं, कशी आहे कादंबरी? म्हणाली, छान. नायिका? म्हणाली, तुम्हाला नाही आवडणार, फार बोलते. तब्येतीत नक्की फरक आहे.

३० मार्च
घरी येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, काका, यांना हल्ली दिसत नाही, तुम्ही वाचून दाखवा. म्हटलं, गैरसमज आहे, ती रोज वाचते. यंत्र उघडलं. पहिलंच पान.
हिला विचारलं, बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही इतके खूश होतात.
उद्यापासून मोठ्याने वाचणार. आवाज अजून खणखणीत आहे.

३१ मार्च
दोन पानांत घसा बसला. हवा कोरडी आहे. ही म्हणाली, राहू दे पुस्तक, नुसतं बसा. बसलो.

२ एप्रिल
मुदत संपली. पुस्तक आपोआप परत गेलं. ही दिवसभर झोपून. हाक मारली तरी ओ देत नाही.
संध्याकाळी मुलीला फोन लावला. म्हटलं, मला जमत नाही गं. ती म्हणाली, घाबरू नका बाबा, आधी सेटिंग उघडा.
म्हटलं, यंत्राचं नाही.