शर्टाची पाठ आणि फूयेन

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार (कंबर धरलीय, तेव्हा उभ्यानेच घातला असं समज). तू आणि वहिनी मजेत असणारच. आई मोरीत घसरून पडली त्यानंतरची तुझी सगळी पत्रं पोचली. प्रत्येकात एकच ओळ, आई ठीक आहे, काळजी नसावी. वाचायला कष्ट पडले नाहीत.

तर मी चिनी शिकतेय. हसू नकोस. चौथीत शाळा सुटली ती सुटली, पण आता एक शब्द येतो, तोही चांगला भारीतला. आमच्या शर्टाच्या कारखान्यात नवी सुपरवायझर आलीय, चिनी बाई. मी इस्त्रीच्या टेबलावर. आता पाकिटातून दिसतं काय? कॉलर आणि छाती. मग पाठीवर वाफ कशाला दवडायची? आम्ही सगळ्याजणी पुढूनच इस्त्री मारतो. तर बाईने माझा घडी घातलेला शर्ट उलगडला, पाठ बघितली (बघण्यासारखी नव्हतीच) आणि म्हणाली, "फूयेन."

कटिंगमास्तर चिन्यांकडे काम करून आलेला. म्हणाला, आळशी म्हणतेय तुला. मी इस्त्री हातात घेऊनच उठले, "आळशी कोणाला म्हणते गं भवाने?" तिला शब्द कळले नाहीत, इस्त्री कळली. तिने नाही-नाही अशी मान हलवली आणि मला हाताला धरून कारखानाभर फिरवलं. वॉचमनने खुर्चीतूनच सलाम ठोकला, त्याच्याकडे बोट : फूयेन. मास्तर फोनवर बायकोला नुसतं हो-हो करत होता, फूयेन. मला वाटलं, आलं लक्षात! मी एक जळका शर्ट दाखवला, फूयेन? तर नाही म्हणाली. चूक ती चूक, तिला हे नाव नाही. समोरच्याचं तोंड बंद होईल इतपतच करायचं आणि केलं म्हणून मिरवायचं, ते फूयेन. तेव्हापासून जिकडेतिकडे तेच दिसतंय. काल आमच्या यांनी चहा फक्कड झालाय म्हटलं, कप तोंडाला लावायच्या आधी.

बाकी सर्व क्षेम.

तुझी धाकटी

ता. क. वरची "बाकी सर्व क्षेम" ही ओळ फूयेन आहे.

आणखी एक ता. क. हल्ली मी पाठीलाही इस्त्री करते. आता तू कर. आई जिना उतरते का, कूस बदलताना कण्हते का, घास स्वतःच्या हाताने घेते का, ते लिही. आणि मला अजून शिव्या घालते का? घालत असेल तर त्या जशाच्या तशा उतरवून पाठव. ती ठीक आहे की नाही, ते मी त्यावरून ठरवीन.