उसना विस्तव

॥ श्री ॥

केशोरी,
ता. २ जानेवारी १९५५

चि. सौ. शांतीस देवकाबाईचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि. इकडं सर्व ठीक. तिकडचं मी डोळ्यांनीच पाहून आले म्हणून विचारत नाही.

बैलबंडीत बसून हाडं खिळखिळी झाली, पण तुझं घर डोक्यातून जाऊन नाही राहिलं. खरं सांगते, तुला झापायचं ठरवूनच नवेगावला आले होते. इथं बायका म्हणतात की उमरावच्या घरी चहा बंद झाला, पाहुण्याला पेज देतात. माझ्या माहेराचं, माझ्या भावाचं असं बोललेलं मला खपत नाही. पण काय झापू? पहिल्या सकाळी तू मीठ घातलेली गरम पेज दिली, वर लोणच्याचा खार. दुसऱ्या सकाळी मीच मागून घेतली. तिसऱ्या सकाळी भांडं पुसून खाल्लं.

तुझ्या घरात काही मरतच नाही, शांती. मोरीचं पाणी वांग्याला, वांग्याचं वाळलं झाड चुलीला, चुलीची राख भांड्याला, अन् भांड्याचं पाणी पुन्हा वांग्याला. उमरावनं मला सदऱ्याची कॉलर उलटून शिवलेली दाखवली, जसा काही सरकारनं बिल्ला दिला. आणि संध्याकाळी तुम्ही सगळे एका कंदिलाजवळ बसता ते मला फार बरं वाटलं. आमच्या घरी चार कोपऱ्यांत चार चिमण्या, अन् प्रत्येक जण आपल्या चिमणीशी तोंड फुगवून. मातीचं तेल जळते ते जळते, वर बोलणं नाही. तुमचं हसणं तलावाच्या पाळीवर ऐकू जाईल. कमी खर्चात राहणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण ती सगळी कण्हत राहतात. तुम्ही मजेत राहता, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

आता मुद्द्याचं. तुझ्या रुखमाला आमच्या खुशालसाठी मी तिसऱ्यांदा मागून राहिले. भावाची पोरगी बहिणीच्या घरी येते ही आपली रीतच आहे, मी काही नवीन मागत नाही. उमरावला विचारलं तर तो म्हणतो शांतीला विचार. तुला विचारलं तर तू म्हणते पोरीला विचार. पोरीला विचारलं तर ती गुंड-घागर उचलून पाण्याला गेली. अन् आता कानावर येते की गोंदियाच्या त्या गिरणीतल्या मुनीमाच्या घरून मागणी आली. मला या उंबरठ्यात माझ्या माहेरची पोरगी पाहिजे, दुसरी कोणी नको. देणार की नाही ते एका ओळीत लिही. दोन ओळी नको, मला दम नाही.

पोरांना आशीर्वाद. उमरावला म्हणावं पाठीला तेल लावत जा. बाकी सगळ्यात काटकसर कर, फक्त मायेत करू नको.

देवकाबाई


॥ श्री ॥

नवेगाव बांध,
ता. ९ जानेवारी १९५५

ती. सौ. देवकाबाई यांस शांतीचा शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र पोचलं, वाचून घरात सगळे हसले.

कागद ओळखला का, बाई? तुमच्याच पत्राची मागची बाजू कोरी होती, ती वाया कायले घालवू? आमच्या गावचा शालीकराम तुमच्याकडच्या बाजाराला येऊन राहिला, त्याच्या हाती देते म्हणजे टिकिटही वाचलं. अक्षर रुखमाचं आहे. मी सांगते, ती लिहिते. तिच्याबद्दल काही वाकडं वाचायला मिळालं तर तो दोष माझा नाही.

तुम्ही इतकं कौतुक केलं, पण आम्ही काही ठरवून सुरू केलं नव्हतं. ज्या साली पाऊस उघडला अन् बांधीतलं धान उभं वाळलं, त्या साली चहा सुटला. पहिले यांचं डोकं दुखलं, मग माझं. दोघंही डोक्याला फडकं बांधून समोरासमोर बसलो आणि एकमेकांकडे पाहून हसू आलं. पुढल्या साली धान चांगलं झालं, चहाची पुडी आणली, तर कोणाला करायचीच आठवण राहीना. असं आहे.

तुम्ही एक ओळ मागितली, पण माझी पोरगी एका ओळीत मावत नाही. खुशालबद्दल तिचं काही म्हणणं नाही. (इथं शाईचा डाग पडला तो तिचा आहे, माझा नाही.) तिची अट एकच आहे. संक्रांतीपासून होळीपर्यंत आत्याबाईच्या घरी आगपेटी आणायची नाही. चूल रोज विस्तवावरच पेटली पाहिजे. चहा घ्या, चार चिमण्या लावा, सुपारी खा, त्याचं तिला काही नाही. मी विचारलं की बाई, सगळं सोडून आगपेटीच काऊन? तर म्हणते, तेवढं आत्याबाईला जमलं तर मला त्या घरात जमेल. गोंदियाच्या लोकांना आम्ही होळीनंतर कळवू असं सांगून ठेवलं आहे. अट मोडली तर त्यांना हो म्हणायला ती तयार आहे. तिचा बाप तिच्यापुढं बोलत नाही, मी काय बोलू?

भाऊजींना नमस्कार. आमच्यावरचा जीव आहे तसाच ठेवा, आम्ही तो जपून वापरतो.

शांती


॥ श्री ॥

केशोरी,
ता. २४ जानेवारी १९५५

चि. सौ. शांतीस आशीर्वाद. वि. वि. ठीक काहीच नाही.

तुझी पोरगी आहे की कोर्टातला वकील? मला वाटलं होतं, आगपेटी म्हणजे काय मोठं. आमची आजी तर आगपेटीचं नावही न घेता मेली. संक्रांतीला तीळगूळ वाटला आणि घरातली आगपेटी मी स्वतः विहिरीत टाकली. आता रोज त्या विहिरीकडे पाहून जीव जळते, तेवढीच आग घरात राहिली आहे.

रात्री निखारे राखेखाली झाकते. पण मला राखेचा भरवसा वाटत नाही. झोपताना एकदा उकरून पाहते की जिवंत आहे का, मग पाणी प्यायला उठले की पाहते, पहाटे पुन्हा पाहते. सकाळी सगळं थंड. खुशालचा बाप तोंडात बिडी धरून घरभर फिरते, देवासमोरचा दिवा लागला का म्हणून विचारते. इतकी देवभक्ती त्यांनी जन्मात केली नाही. भैय्यालाल दुकानदार भेटला की हिंदीत विचारते की बाई, माचिस अब कहाँ से लेती हो, हमसे क्या गलती हुई.

मग विस्तव मागायला चुन्नीलाल तेल्याच्या घरी जाते. ते घर गावाच्या त्या टोकाला. खापरावर दोन निखारे घेऊन निघाले की मारुतीपाशी येईपर्यंत वारा ते विझवते. एकदा पळत आले तर पदरच पेटला. माणसं उभी राहून पाहत होती.

तू म्हणशील शेजारी मनकर्णाबाईचं घर आहे. हाव, आहे. दोन पावलांवर आहे, तिच्या चुलीचा धूर माझ्या डोळ्यात जाते. माझी सख्खी मोठी जाऊ आहे हेही मला माहीत आहे. पण तिच्या कोंबड्यांनी माझी वाळत घातलेली तांदळाची कनकी उकरली, मी तिच्या माहेराचं काढलं, आणि तिनं आंगणाच्या मधून बांबूचं कुंपण घातलं, तेव्हापासून आमचं बोलणं नाही. खुशाल तेव्हा पाटी घेऊन शाळेत जात होता. दोघं भाऊ वावरात एकमेकांच्या बैलाला बैल लावून नांगरतात, घरी आले की मुके होतात. तिच्या दारात खापर घेऊन उभी राहीन अशी मी नाही.

रुखमाला सांग, दुसरी अट घाल. मी चहा सोडते, वर्षभर एका लुगड्यावर राहते, म्हणशील तर केस कापून देते. लवकर लिही. होळी जवळ येऊन राहिली अन् तुझे ते गोंदियावाले वाट पाहून राहिले.

राग आहे, पण माया त्याच्या खाली झाकून ठेवली आहे.

देवकाबाई


॥ श्री ॥

नवेगाव बांध,
ता. ३१ जानेवारी १९५५

ती. सौ. देवकाबाई यांस सा. न. वि. वि. हसू आवरून लिहिते आहे.

बाई, उकरू नका. सारखं उघडून पाहिलं की हवा लागते आणि निखारा जळून संपते. मोहाच्या लाकडाचा जाड बुंधा अर्धा जळू द्या, त्याच्याजवळ गोवरी ठेवा, वर राख, राखेवर धानाचा भुसा, आणि मग पाठ करून झोपा. तो आपोआप सकाळपर्यंत राहते. तुम्ही फक्त त्याला त्याचं काम करू द्या.

अट बदलत नाही म्हणते. मी खूप सांगून पाहिलं. खालची ओळ तिची आहे, मी सांगितलेली नाही.

आत्याबाई, सा. न. विस्तव लांबून आणला की वाटेत मरतो. रुखमा.

सगळ्यांवर लोभ आहेच, तो विझू देऊ नये.

शांती


॥ श्री ॥

केशोरी,
ता. २० फेब्रुवारी १९५५

चि. सौ. शांतीस आशीर्वाद. वि. वि. हे तुझ्याच पत्राच्या मागं लिहून राहिले, ओळख.

तुझ्या सांगण्याप्रमाणं केलं. पाठ करून झोपले. आठ-दहा सकाळी राख सारली की लाल डोळा उघडावा तसा निखारा दिसे, मला इतका आनंद होई की पेज उतू जाई. मग एक दिवस बोका उबेला येऊन राखेत झोपला. सगळं पसरलं, सगळं थंड. त्या दिवशी माणसांना वावरातली लाखोळी काढायला लवकर जायचं होतं आणि तेल्याचं घर लग्नाला गेलेलं, कुलूप.

मी खापर घेऊन कुंपणापाशी गेले. किती वेळ उभी होते ते माहीत नाही. पलीकडं मनकर्णाबाई चूल फुंकत होती. वर पाहिलं नाही. कोंबड्यांना म्हणाली की काही लोकांच्या हातात खापर असते पण तोंडात जीभ नसते. मी माझ्या शेळीला म्हटलं की जीभ आहे, पण मागितलं तर काही लोक जन्मभर बोलून दाखवतात. ती कोंबड्यांना म्हणाली की जन्मभर बोलायला आधी एकदा बोलावं तर लागते. मी खापर फटीशी धरलं.

मग ती उठली, चिमट्यानं चांगला मोठा निखारा घेऊन आली. खापर कुंपणाच्या फटीत मावेना. तिनं जोर केला, माझं बोट भाजलं, मी ओरडले. ती म्हणाली, तशी तू आधीपासून ओरडतेच. आणि एक बांबू धरून उपटला. बस्स. तेवढ्या जागेतून विस्तव आला.

आता माझा निखारा राहिला तरी मी जाते. बोक्याचं नाव सांगते. तिलाही ते माहीत आहे. रोज एखादा बांबू ढिला होते. काल शेळी पलीकडं गेली, तिनं हाकलली नाही. आता आम्ही एक दिवस तिच्या चुलीवर दोघींची डाळ शिजवतो, एक दिवस माझ्या. लाकूड अर्धं लागते. संध्याकाळी माझ्या चार चिमण्यांपैकी तीन विझवल्या अन् आम्ही सगळे तिच्या कंदिलाजवळ बसतो. तिचे मालक चैतराम भासरे बोलायला लागले की थांबत नाहीत, मला इतकी वर्षं वाटे ते घुमे आहेत. आणि तिचा हात काय आहे, शांती. माझ्या घरचा शिळा भात पाहिला, मीठ-जिरं घालून कालवला, सांडगे घातले. मी तो रोज शेळीला टाकत होते. तू अन् ती एका घरात असत्या तर राजाचा खजिनदार उपाशी मेला असता.

आता ऐक. मी दुसरीपर्यंतच शिकले, पण आंधळी नाही. मागल्या उन्हाळ्यात रुखमा इथं आंबे खायला आली होती. तेव्हा ती कुंपणातून हात घालून मनकर्णाबाईला रसाची वाटी देत होती. मी पाहिलं अन् तिला रागावले. तरी तिनं वाटी दिलीच. आगपेटीची अट कायले होती ते मला आता समजलं. तिला माझी काटकसर पाहायची नव्हती. तिला दोन्ही आंगणांत जायचं होतं.

अशी पोरगी गोंदियाला देशील तर मी नवेगावला येऊन तुझ्या दारात बसेन. मनकर्णाबाईपण येते म्हणते.

मायेची राख अशीच वर असू दे.

देवकाबाई


॥ श्री ॥

केशोरी,
ता. १२ मार्च १९५५

चि. सौ. शांतीस व उमरावास दोघी जावांचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि. तुमचा होकार होळीच्या दुसऱ्याच दिवशी पोचला. या वेळी नवा कागद वापरते, रागावू नको. होकाराच्या मागं लिहिलं असतं तर होकार तुझ्याकडे परत आला असता, ते मी होऊ देणार नाही. तो खुशालनं कुठं ठेवला ते विचारू नको.

वैशाखातली तिथी आम्हाला चालते. मांडव आम्हा जावांच्या दोन्ही घरांचा एकच. पंगतीला भात, लाखोळीची डाळ, वांगं आणि सांडगे, जास्त काही नाही. पण लोक पोटभर खातील आणि कोणी उपाशी उठणार नाही, एवढं मनकर्णाबाईनं पाहायचं ठरलं. तिनं तिचं हळदीचं लुगडं रुखमासाठी काढून ठेवलं आहे, एकदाच नेसलेलं. नवीन घेऊ नको.

होळीला पोरं लाकडं मागायला आली. कुंपणाचे बांबू भिंतीला रचून ठेवले होते, त्यावर त्यांचा डोळा. आम्ही दोघी दारात आडव्या उभ्या राहिलो. पोरं म्हणाली, मावशी, सगळ्या गावानं दिलं. मी म्हटलं, गावाकडे कुंपणं पुष्कळ असतील, आमच्याकडे एकच होतं. त्या बांबूवर हळदीच्या दिवशी खुशालचं न्हाणं तापेल. विकतचं लाकूड लागणार नाही.

अट संपली म्हणून भैय्यालालनं आगपेटी पाठवली, सणाची भेट म्हणून. खुशालच्या बापाचे डोळे चमकले. मी ती हातात घेऊन आंगणात उभी होते. मनकर्णाबाईनं पाहिली आणि म्हणाली की ठेव की, पण मग सकाळी माझ्याकडे येशील कायले?

परत पाठवली.

रुखमाला पोटभर आशीर्वाद. तुम्हा सगळ्यांचा जीव आमच्या दोन्ही चुलींवर राहू द्यावा.

देवकाबाई व मनकर्णाबाई