अठ्ठावीस इस्फंदार

ता. १७ फेब्रुवारी १९३६, परतूर
मुंबईच्या अडत्या शेठजींचं पत्र. बँकेने कागद परत केले. आपल्या रुईच्या गाठी बोटीत चढल्या, बोट जपानच्या वाटेला लागली, आणि पैसे नाहीत.
पत्र अजून ह्यांच्याच नावाने येतं. ह्यांना जाऊन वर्ष होत आलं, शेठजींच्या कारकुनाला कोणी सांगितलंच नसेल.
भाऊजी दुपारी येऊन गेले. म्हणाले, क्रेडिटच्या तारखेपर्यंत पैसे आले नाहीत तर कपाशीचं जिन विकायचं. गिऱ्हाईक तयार आहे. मग मी कुठे, हे त्यांनी विचारलं नाही. जिनाच्या मागच्या दोन खोल्या, त्यात मी. केदारखेड्याला माहेरी आता भावजयच आहे फक्त.

ता. १८ फेब्रु.
शेठजींनी क्रेडिटच्या अटी मराठीत करून पाठवल्यात. चार वेळा वाचल्या. हे असताना मी वर्तमानपत्राच्या रद्दीवर वाचायला शिकले, त्यात असलं काही नव्हतं.
एवढं कळलं: खरेदीदार जपानात, कोबेला बसलाय. त्याच्या वतीने बँकेने पैशाची हमी दिलीय. आपण अटीप्रमाणे कागद दाखवायचे, बँकेने पैसे द्यायचे. बोटीची पावती, मालाचं बिल, वजनाचा दाखला. दाखल्याची तारीख बोटीच्या आधीची पाहिजे.
बँक रुई बघत नाही. गाठीत दगड भरले आणि कागद बराबर असले तर पैसे मिळतात. रुई सोन्यासारखी आणि कागदात एक आकडा चुकला, तर नाही.
हे कळलं तेव्हा सांगायला वळले. भिंत.

ता. २० फेब्रु.
सापडलं. शेठजींनी अटींसोबत कागदांच्या नकला धाडल्यात. वजनाच्या दाखल्यावर निजाम सरकारची फसली तारीख, २८ इस्फंदार, म्हणजे जानेवारीचा शेवट. दाखला उर्दूत, म्हणून भाऊजींनी मुंबईवाल्यांच्या सोयीसाठी सोबत चिठ्ठी जोडली होती. तीत २८-४ लिहिलं. आजूर, दै, बहमन, इस्फंदार. चौथा महिना. इथे सगळे असंच लिहितात, शेतसाऱ्याच्या पावतीवर सुद्धा. मुंबईच्या कारकुनाने फसली साल तेवढं इंग्रजी केलं आणि महिना तसाच ठेवला. तर्जुम्यात, म्हणजे इंग्रजी भाषांतरात, झाला एप्रिल.
बोट फेब्रुवारीत निघाली, दाखला एप्रिलचा. एप्रिल अजून यायचाय.
भाऊजींना दाखवलं. "वहिनी, येडं पोरगंबी सांगंल की एप्रिल अजून उजाडला न्हाई. बँकेला कळत न्हाई?"
कळतं त्यांना. कळून घ्यायचं नाही असा नियम आहे.

ता. २४ फेब्रु.
शेठजींचं दुसरं पत्र. रुईचा भाव पडला आहे. खरेदीदाराने मनावर घेतलं तर तो चूक माफ करू शकतो, तशी तार बँकेला करू शकतो, पण आता तो करणार नाही, त्याला हीच रुई स्वस्तात मिळतेय. नवा तर्जुमा नुसता आमच्या हातचा बँक घेणार नाही. मूळ दाखल्यावर, ज्याने दिला त्याच्याच सहीशिक्क्याने इंग्रजी तारीख पाहिजे. दाखला परत धाडला आहे. क्रेडिट ७ मार्चला संपतं.
जेवण गेलं नाही.

ता. २७ फेब्रु.
दाखला आला. भाऊजींबरोबर तोलाच्या कचेरीत गेले, दाखला तिथलाच. दरोगासाहेब भले आहेत, ह्यांच्या मातीला आल्ते. पण म्हणाले, सरकारी कागदावर फसलीशिवाय तारीख घालता येत नाही, हुकूम तसा आहे. नवा दाखला देतो म्हणाले. पण आज दिला तर आजची तारीख पडणार. बोटीनंतरची.
मागची तारीख घालून द्या, असं भाऊजी मागून बोलले. दरोगासाहेब उठून आत गेले.
रस्त्यात मी भाऊजींना नाही नाही ते बोलले. ते ऐकून घेत चालत राहिले.

ता. २८ फेब्रु.
एकटीच गेले. ओट्यावर बसून राहिले. चपराशी दोनदा म्हणाला, साहेब कामात हायेत. मी म्हटलं, असू द्या.
दुपारी दरोगासाहेब स्वतः बाहेर आले. "बाई, उन्हात कशाला बसून राह्यल्या? हुकूम माझ्या घरचा हाय का?"
"हुकूम मोडू नका. तुमची तारीख तशीच ठेवा. खाली एवढंच लिहा, ह्या दिवसाला इंग्रजीत काय म्हणतात."
"अन् वरून विचारलं तर?"
"तर दिवस एकच आहे म्हणा. खोटं आहे का?"
त्यांनी आत जाऊन फसली-इंग्रजी तारखांची जंत्री काढली, दोन जंत्र्या ताडून पाहिल्या. एक ओळ लिहिली, सही केली, शिक्का मारला. कागद देताना म्हणाले, "बँक मानंल का न्हाई, मला मालूम न्हाई."
मलाही नाही.

ता. २९ फेब्रु.
दाखला रजिस्टरने रवाना. गाडी सुटेपर्यंत स्टेशनवर उभी होते. बायामाणसं बघत होती. बघोत.

ता. ४ मार्च
शेठजींची तार: कागद बँकेत दिले, निकाल नाही.
भाऊजींनी सकाळी चहाची पूड आणून ठेवली. चिठ्ठी त्यांनी लिहिली हे त्यांच्या मनातून जात नाही, आणि जिन विकायचंही जात नाही. दोन्ही कसं राहतं एका माणसात, देव जाणे.
रात्री ह्यांच्यावर रागावले. जायची इतकी घाई कशाला केली. पहिल्यांदाच असं...

ता. ७ मार्च
तार नाही.
दुपारी भाऊजी गिऱ्हाइकाला घेऊन आले. त्याने बॉयलर ठोकून पाहिला, माझ्या खोल्यांकडे बोट करून हे काय म्हणून विचारलं. भाऊजींनी किल्ली मागितली. म्हटलं, मुंबईची बँक संध्याकाळी बंद होते, तोवर किल्ली माझ्याकडे. "अन् त्याच्यानंतर?" मी किल्ली कमरेला खोचली.
ते दोघे जिनाच्या कचेरीत बसलेले असतानाच कुंभार पिंपळगावच्या कपाशीच्या गाड्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. पुढच्या गाडीवानाने हाक मारली, "आक्का, माल उतरवू का?"
उतरवला की पैसे द्यायचा शब्द दिल्यासारखं, आणि पैसे नाहीत. परत पाठवला की जिन बंद झाल्याचं गावभर.
म्हटलं, "बैल सोडा, पाणी पाजा. संध्याकाळपर्यंत माल गाडीतच राहू द्या."